यंत्राच्या काळोखात गळा कशाला?

मुंबईतल्या टेक्नोच्या, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या नृत्यसंगीताच्या, रात्रींना नेमाने जाणाऱ्या मंडळींत सध्या एक जुनाच वाद पुन्हा पेटला आहे आणि तो दोन्ही बाजूंनी इतक्या हलगर्जीपणे लढवला जातो आहे की मूळ प्रश्न काय होता हेही कुणाला आठवेनासे झाले आहे. प्रसंग नेहमीचाच असतो. लोअर परळमधल्या एखाद्या बंदिस्त हॉलमध्ये रात्री साडेबाराच्या सुमारास मिनिटाला १३८ ठोक्यांची, तळघरातून आल्यासारखी किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, चालू असते, वर नुसता धातूचा खरखराट असतो, आणि डीजे अचानक त्यावर एखाद्या जुन्या हिंदी चित्रपटगीताचा मुखडा सोडतो. अर्धे लोक चीत्कारून मोबाइल वर धरतात. उरलेल्यांतले बरेचसे तोंड वाकडे करून सिगारेट ओढायला बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी भांडण सुरू होते. एक पक्ष म्हणतो की डार्क टेक्नो, इंडस्ट्रियल किंवा त्यांच्या आसपासच्या कोणत्याही गडद नृत्यसंगीतात माणसाचा गळा आला की ते बाटते, आणि गाणीच ऐकायची असतील तर बॉलिवूड नाइट आहेतच. दुसरा पक्ष म्हणतो की गाण्यावाचून इथे लोक नाचत नाहीत, तेव्हा ओळखीचा मुखडा रीमिक्स करून वाजवला तर बिघडले कुठे? माझे मत दोघांच्याही पंगतीला बसणारे नाही. गडद नृत्यसंगीतात गळ्याला हक्काची जागा आहे, मात्र ती त्याने तिथल्या तिथे कमवायला हवी. जो गळा खालच्या यंत्राचा कायदा मानून त्यात मुरतो, तो काळोख वाढवतो. जो यंत्राला थांबवून स्वतःची ओळख पटवून घ्यायला येतो, तो खोलीतला दिवा लावतो. आणि रीमिक्सची पारख करताना त्यात काय घातले याच्या आधी मूळ गाण्यातून काय काढून टाकण्याची हिंमत दाखवली हे पाहावे.

आवाज नको म्हणणाऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचा पक्ष अधिक गंभीर आहे. त्यांचा पहिला आधार परंपरेचा असतो: हे संगीत कारखान्यांचे, यंत्रांचे, चेहरा नसलेल्या माणसांचे, यात गायक कधी नव्हताच. इतिहास असे सांगत नाही. १९७७ साली जॉर्जो मोरोडर या निर्मात्याने जवळजवळ सगळे सिंथेसायझरवर घडवलेल्या ज्या ध्वनिमुद्रणाने यंत्राच्या ठेक्यावर नाचण्याची कल्पना जगभर रुजवली, त्याच्या ऐन मध्यभागी डॉना समर या गायिकेचा गळा होता. मोजके शब्द, तेच ते, श्वासासकट. जर्मनीतल्या ड्यूसेलडोर्फच्या डाफ या जोडगोळीने १९८१ मध्ये एका अनुक्रमकाच्या, म्हणजे ठरलेले स्वर फिरफिरून वाजवणाऱ्या यंत्राच्या, आणि ड्रमच्या जोरावर जे कठोर, घामट संगीत केले, त्यात गाबी देलगादो गात नव्हता, हुकूम सोडत होता. बेल्जियमच्या फ्रंट २४२ ने आणि इंग्लंडमधल्या नित्झर एबने तोच धागा १९८० च्या दशकात पुढे नेला. घोषणा, आरोळी, कुजबुज हीच त्यांची वाद्ये होती. बरे, हे युरोपातले उपप्रवाह म्हणून बाजूला ठेवले तरी खुद्द डेट्रॉइटचे, टेक्नोच्या जन्मगावाचे काय? १९८८ साली लंडनमध्ये निघालेल्या ज्या संकलनाने टेक्नो हे नाव सर्वदूर पोहोचवले, त्याच संकलनात केव्हिन सॉन्डरसनच्या इनर सिटी या गटाचा ट्रॅक होता आणि त्यावर पॅरिस ग्रे ही गायिका मोकळ्या गळ्याने गात होती. शब्द आणि सूर खरवडून काढून हाडे तेवढी शिल्लक ठेवण्याचे काम रॉबर्ट हूडसारख्यांनी केले ते १९९४ च्या आसपास. तो एका पिढीने विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता आणि त्यातून थोर संगीत निघाले. परंतु एका पिढीच्या निर्णयाला जन्मखूण म्हणून दाखवणे हे प्रामाणिक वादाचे लक्षण नव्हे.

अर्थात एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून ती योग्य ठरत नाही, आणि या पक्षाचा खरा मुद्दा परंपरेचा नाहीच. तो अवधानाचा आहे. माणसाचा आवाज कानावर पडला की बाकी सगळे मागे सरते. बोलण्याचा अर्थ लावल्यावाचून आपल्याला राहवत नाही. शब्द कळले की मन ते वाक्य पुरे करायला धावते, कवी कोण, चित्रपट कोणता, पडद्यावर कोण होते, इथवर जाते. आणि हे संगीत तर बरोबर उलट्या गोष्टीवर उभे आहे. आठ-आठ मिनिटांच्या ट्रॅकमध्ये एक हाय-हॅट, म्हणजे ड्रमची झांज, किंचित उघडते, बेसचा फिल्टर बोटभर वर जातो, आणि एवढ्याशा बदलाने अंगावर काटा येतो, कारण तोवर कानाला दुसरे काही खायला दिलेले नसते. अशा ठिकाणी ध्रुवपद आणि अंतरे घेऊन आलेले गाणे म्हणजे उपाशी ठेवून तयार केलेली ती भूक एका घासात मारून टाकणे होय. यात कारागिरीची अडचणही आहे. दोन ट्रॅक तीन-चार मिनिटे एकमेकांवर तरंगत ठेवून हळूच एकातून दुसऱ्यात जाणे हा या कलेचा गाभा. दोन्हींत गाणारे गळे असतील तर सूर जुळत नाहीत, जुळले तरी शब्द शब्दांना कापतात, आणि डीजेला घाईने सांधा बदलावा लागतो. शिवाय निःशब्द संगीत कुणालाच परके करत नाही हेही खरे. मुंबईच्या एका डान्स फ्लोअरवर मराठी, हिंदी, गुजराती, मल्याळम आणि इंग्रजीत विचार करणारी माणसे शेजारी-शेजारी नाचतात. किकला मातृभाषा नसते. डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या गटाने चेहरे झाकून, नावे बाजूला ठेवून काम केले त्यामागे अशीच एक राजकीय समज होती: गायक आला की तारा येतो, तारा आला की बाजार येतो. हे सगळे मला मान्य आहे.

मान्य असूनही त्यातून गळाच नको हा निष्कर्ष निघत नाही. वरचे आक्षेप पुन्हा एकदा वाचले तर ध्यानात येते की ते सगळे एका विशिष्ट प्रकारच्या गाण्यावर आहेत: अर्थपूर्ण वाक्य, पूर्ण चाल, ओळखीचा चेहरा. गळा एवढेच करतो असे युरोपातल्या एखाद्या श्रोत्याने समजावे हे एक वेळ समजू शकते. आपण कसे समजतो? ज्यांनी तराण्यात दीम-तनन ऐकले आहे, विलंबित ख्यालात बंदिशीचे दोन शब्द पाऊण तास नुसते आकारात विरघळताना ऐकले आहेत, त्यांना आवाज आणि अर्थ वेगळे करता येतात हे कुणी शिकवायला हवे का? तबलजी हात ठेवून पढंत करतो तेव्हा तोंडातून येणारे बोल हे शब्द असतात की ठेका? आणि अभिजात संगीताच्या बैठकीतच जायला हवे असेही नाही. पोवाड्यात शाहीर कथा सांगत असताना मागे उभे राहून ‘जी जी रं जी’ म्हणणाऱ्या झीलकऱ्यांकडे एकदा केवळ नृत्यसंगीताच्या कानाने लक्ष द्यावे. त्यांच्या तोंडी अर्थ नाही. त्यांचे काम शाहिराचे वाक्य जिथे सुटते तिथे ते धरून ठेवणे, डफाच्या थापेला माणसाचे वजन देणे आणि नेमक्या मात्रेवर सोडून देणे एवढेच असते. गोंधळात संबळ एका चक्रात फिरत राहते आणि ‘उदे गं अंबे उदे’ ही हाक त्या चक्रावर रात्रभर पुन्हा पुन्हा पडते. पहाटेच्या सुमारास ती हाक पहिल्या प्रहरी होती तीच राहिलेली नसते, आणि बदललेले असते ते ऐकणाऱ्याचे अंग. पुनरावृत्ती, काळोख, थकवा, हाक: गडद नृत्यसंगीताला हवे असलेले सगळे साहित्य आपल्याकडे गळ्यासकट आहे. तेव्हा शब्दांनी तंद्री मोडते हा नियम नाही. सांगण्यासाठी आलेला शब्द तंद्री मोडतो. फिरण्यासाठी आलेला शब्द तंद्री लावतो.

हाच वाद मराठी माणसाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर घातलेला आहे, याची आठवण इथे उपयोगी पडेल. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात बालगंधर्व एखादे पद सुरू करीत, प्रेक्षागृहातून वन्स मोअरचा गजर होई, तेच पद दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गायले जाई, आणि तोवर नाटकातली रुक्मिणी कुठल्या संकटात होती हे बाजूलाच राही. रसिक तृप्त होत होते यात शंका नाही. नाटक मात्र रंगमंचावर ताटकळत उभे असे. त्यावर समीक्षकांनी केलेली तक्रार शब्दशः आजच्या टेक्नोवाल्यांची आहे: गाणे नाट्याचा जीव घेते. कुणी म्हणाले, पदे हवीतच कशाला? कुणी म्हणाले, पदे काढली तर तिकिटे कोण घेईल? या कोंडीतून काढलेली जी वाट लक्षात राहिली ती १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ची. नाट्यमन्वंतर या संस्थेच्या त्या प्रयोगात गाणे हद्दपार केलेले नव्हते. केशवराव भोळे यांचे संगीत होते, ज्योत्स्नाबाई भोळे गात होत्या. परंतु पदांची संख्या आटली होती, ती भावगीताच्या अंगाने आटोपशीर झाली होती आणि प्रसंगाच्या पोटातून उगवत होती. ‘गाणे असावे की नसावे’ या प्रश्नाचे उत्तर ‘प्रसंगाने मागितले तर असावे, मागितले तेवढेच असावे’ असे दिले गेले. यात नाटक वाचले आणि गाणेही वाचले. बालगंधर्वांच्या गाण्याची थोरवी त्याने कमी झाली का? मुळीच नाही. ती थोरवी नाटकाच्या वाट्याला किती आली, एवढाच प्रश्न होता.

आता रीमिक्सकडे वळू, कारण मुंबईतला वाद प्रत्यक्षात पेटतो तो रीमिक्सवरून. आपल्याकडे रीमिक्स म्हणजे भर घालणे अशी समजूत झाली आहे: जुने गाणे, त्याखाली जाड ठेका, मध्ये थोडे इंग्रजी, संपले. या कलेचा उगम मात्र वजाबाकीत आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात एका लोकप्रिय गाण्याची खास तबकडी कापताना तंत्रज्ञाकडून गायकांचा आवाज लावायचा राहून गेला. ती चुकीची तबकडी साउंड सिस्टिम, म्हणजे नाचासाठी मोठे ध्वनिक्षेपक, चालवणाऱ्या रडी रेडवूडने स्पॅनिश टाउनच्या नाचाला वाजवली, आणि आवाज गायब झालेला पाहून जमलेले लोक स्वतःच गायला लागले. पुढे किंग टबी या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मिक्सिंगच्या टेबलालाच वाद्य केले: आवाज येतो, अर्ध्या शब्दावर तुटतो, त्याची शेपटी प्रतिध्वनीत विरते, खाली ड्रम आणि बेस उरतात. हे डब. आजच्या गडद नृत्यसंगीतातली निम्मी युक्ती तिथून आलेली आहे. ज्याला गळा नको आहे त्याने हे ध्यानात घ्यावे की इथे आवाज पुसला गेला तरी पुसल्याची खूण मुद्दाम ठेवली होती, आणि काळोखी त्या खुणेत होती.

दोन रीमिक्स शेजारी ठेवले की हे अधिक स्पष्ट दिसते, आणि योगायोगाने दोन्हींत गळा एकाच बाईचा आहे. ट्रेसी थॉर्न. १९९४ साली तिच्या एव्हरीथिंग बट द गर्ल या जोडीने ‘मिसिंग’ हे गाणे केले. शांत, गिटारच्या अंगाचे, हरवलेल्या माणसाविषयीचे. न्यू यॉर्कच्या टॉड टेरीने त्यातला आवाज जसाच्या तसा ठेवला, एक अक्षर तोडले नाही, आणि खालची जमीन तेवढी बदलून हाउस या नृत्यसंगीताचा कोरडा, न थांबणारा ठेका घातला. १९९५ मध्ये ते जगभर गाजले, १९९६ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. आता, आवाज पूर्ण, शब्द पूर्ण, चाल पूर्ण, लोकप्रियता अफाट. शुद्धतावाद्यांच्या सगळ्या कसोट्यांवर हे नापास व्हायला हवे. तरी ऐकताना काय होते? मूळ गाण्यात ती बाई दुःखात थांबलेली होती. इथे ठेका तिला थांबू देत नाही, ती चालत राहते, आणि चालत राहण्यानेच तिचे एकटेपण असह्य होते. आवाजाला हातही न लावता त्याचा अर्थ फिरवला गेला. दुसरे उदाहरण नेमके उलट. त्याच १९९४ मध्ये थॉर्न मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश गटाच्या ‘प्रोटेक्शन’मध्ये गायली होती. पुढच्या वर्षी मॅड प्रोफेसर या डब निर्मात्याने तो जवळजवळ सगळा अल्बम डबमध्ये उकलून काढला. तिथे तोच आवाज तुकड्यांनी येतो: एखादी ओळ सुरू होते, मध्येच तिचा श्वास उरतो, मग एका अक्षराचे प्रतिध्वनी एकमेकांवर आदळत दूर जातात, आणि बराच वेळ नुसता बेस चालतो, ती पुन्हा येईल म्हणून कान टवकारलेला असतो आणि ती येत नाही. कुणाला जपण्याविषयीचे ते गाणे, त्यातला जपणारा आवाजच नाहीसा केला. भीती वाटते ती त्या रिकाम्या जागेची. एकाने काहीच काढले नाही, दुसऱ्याने जवळजवळ सगळे काढले. दोघांनीही मूळ गाणे आधी नीट वाचले होते, हे मात्र समान.

या कसोटीवर आपल्याकडचे बहुतेक हिंदी-टेक्नो रीमिक्स पडतात, आणि मी तिथे आवाज नको म्हणणाऱ्यांच्या बाजूने उभा राहतो. व्होकलची पट्टी बंद करून पाहावी: खालचा ट्रॅक होता तसाच राहिला, कुठे खड्डा पडला नाही, तर तो आवाज भिंतीवर डकवलेले पोस्टर होता. उलट आवाज काढल्यावर खाली ऐकण्याजोगे काही उरलेच नाही, तर ठेका हा फक्त गाणे वाहून नेणारा हमाल होता. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी रीमिक्स असते. साडेबाराला सोडलेला तो मुखडा सहसा पहिल्या प्रकारात मोडतो. त्याच्याआधी आठ मात्रा किक काढून घेतात, सगळा हॉल थबकतो, मुखडा स्वच्छ, कोरडा, पूर्ण ऐकू येतो, लोक ओळखतात, किक परत येते. म्हणजे संगीताने तासभर जे केले ते थांबवून मग आवाजाला वाट करून दिली. हे वन्स मोअरच आहे, आणि तेही प्रेक्षकांनी मागण्याआधीच दिलेले.

दुसऱ्या पक्षाचा यावर बचाव ठरलेला असतो: हे मुंबई आहे, बर्लिन नव्हे, इथे गाण्यावाचून कुणी हलत नाही. हे ऐकले की मला नवल वाटते. भाद्रपदात याच शहराच्या रस्त्यांवर ढोल-ताशाची पथके तासन्‌तास वाजवतात, त्यात कुठला मुखडा असतो? बेंजो पार्टी गाण्याच्या चाली वाजवते हे खरे, पण शब्द बेंजोतून येत नाहीत, नाचणाऱ्यांच्या तोंडून येतात. स्पॅनिश टाउनमध्ये घडले तेच गिरगावात दर वर्षी घडते. आणि यंत्रसंगीताची गोष्ट काढायची तर चरणजित सिंग मुंबईचेच. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्य काढलेल्या या वादकाने १९८२ साली रोलँड कंपनीची तीन नवीकोरी यंत्रे, टीआर-८०८ हे ड्रमयंत्र, टीबी-३०३ हे बेसयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, समोर मांडली आणि ललत, तोडी, मालकंस अशा दहा रागांचा एक अल्बम डिस्कोच्या ठेक्यावर बांधला. गायक नाही. शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून १९८७ मध्ये ॲसिड हाउस या नृत्यसंगीताची पहिली प्रसिद्ध तबकडी निघाली, त्याच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट. सिंग यांची तबकडी तेव्हा विकली गेली नाही आणि २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाल्यावरच आपल्याला तिचे कौतुक सुचले, हा आपला स्वभावधर्म. १९८२ च्याच जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता; ज्या आवारांतले यंत्रांचे आवाज पुढे कायमचे बंद पडले, तिथे आज तिकीट काढून यंत्रांचे आवाज ऐकायला लोक येतात. याची खंत करावी की गंमत वाटावी हे मी ठरवू शकलेलो नाही, पण मुंबईचा कान निःशब्द ठेका ऐकू शकत नाही असे म्हणणाऱ्याने मुंबई ऐकलेली नाही.

तरी या पक्षाच्या म्हणण्यात एक खरे दुखणे दडलेले आहे, आणि ते रसिकांच्या अभिरुचीचे नसून घड्याळाचे आहे. खुल्या जागेत ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत सवलत मिळते ती वर्षातले मोजके दिवस आणि मध्यरात्रीपर्यंतच. बंदिस्त हॉल दीडला आवरतात. जानेवारी २०२० मध्ये बिगरनिवासी भागातली खाद्यगृहे रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली, पण मद्याची वेळ दीडचीच राहिली, आणि भाडे निघते ते मद्यावर. लोक जेवून, लोकल किंवा कॅब गाठून अकराला येतात. उरले अडीच तास, त्यात दोन-तीन डीजे. तंद्री लागायला लागणारा वेळच ज्या शहरात विकत मिळत नाही, तिथे ओळखीचा मुखडा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद उपाय ठरतो, यात डीजेला दोष किती द्यायचा? बर्लिनमध्ये शनिवारी रात्री सुरू झालेली पार्टी सोमवारी सकाळपर्यंत चालू शकते; तिथे सहाव्या तासाला आलेली एक कुजबुज जे करते ते इथे तिसाव्या मिनिटाला होणार नाही. हे मान्य करूनही मी एवढेच म्हणेन की वेळ थोडा असेल तर तुकडा लहान असावा. तासाभराच्या सेटमध्ये अख्खा मुखडा मावत नाही. एक अक्षर, एक उसासा, एक हाक मावते.

राहिला प्रश्न त्या गळ्याच्या मालकाचा, ज्याविषयी दोन्ही पक्ष गप्प असतात. २००० नंतरच्या काही वर्षांत हिंदी रीमिक्सची जी लाट आली, तिच्यातली बहुतेक गाणी नव्या गायिकांकडून पुन्हा गाऊन घेतलेली होती. तेव्हाच्या कायद्यात मूळ मुद्रणाला दोन वर्षे लोटली की ठरलेली रॉयल्टी भरून अशी आवृत्ती काढता येई. २०१२ च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांची केली आणि त्याच दुरुस्तीने गाणाऱ्यालाही आपले नाव लावून घेण्याचा आणि आपल्या गायनाची बदनामीकारक मोडतोड रोखण्याचा हक्क दिला. आता तंत्र पालटले आहे. २०१९ च्या अखेरीस इंटरनेटवरून संगीत ऐकवणाऱ्या डीझर कंपनीने स्प्लीटर नावाची प्रणाली सर्वांसाठी खुली केल्यापासून कोणत्याही तयार गाण्यातून गळा वेगळा काढणे हा लॅपटॉपवरचा काही सेकंदांचा खेळ झाला. म्हणजे पुन्हा गाऊन घ्यायची गरज उरली नाही. खुद्द मूळ गायिकेचाच गळा कापून घेता येतो, आणि बूटलेगवर, म्हणजे परवानगीवाचून काढलेल्या रीमिक्सवर, तिचे नाव बहुधा नसते. हे नवे नाही. १९९० च्या आसपास मार्था वॉश या गायिकेचा बुलंद आवाज जगभरच्या डान्स फ्लोअरवर घुमत असताना व्हिडिओंत मात्र दुसऱ्याच सडपातळ तरुणी ओठ हलवत होत्या. तिला स्वतःच्याच आवाजावरचे नाव मिळवायला न्यायालयात जावे लागले. शुद्धतावादी म्हणतो की आवाज आला की बाजार येतो. खरे आहे, पण बाजाराने सर्वांत आधी लुबाडले ते आवाजाच्या धन्याला, हे म्हणताना तो का कचरतो? आणि ज्याला यंत्राचे अनामिकपण प्रिय आहे त्याने हाही विचार करावा की स्वतःहून चेहरा झाकणे आणि दुसऱ्याचे नाव खोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मराठीत असले काही केले तर हास्यास्पद होईल, असा एक शेवटचा आक्षेप कधी कधी ऐकू येतो. गडद ठेक्यावर मराठी शब्द आले की लोकांना मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीवरचे कोळीगीत आठवेल म्हणे. आठवेलही. संगीतातल्या कठोर जर्मनलाही पुष्कळांचे कान सुरुवातीला हसले असतील, पण कानाला सवयच लावायची तर ती कुठून तरी सुरू करावी लागते. आणि गिरणगावाला हा गळा परका नाही: अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये उभे केलेले लाल बावटा कलापथक याच वस्त्यांतून, गिरण्यांच्या भोंग्यांच्या हद्दीत, डफ आणि झील घेऊन फिरत होते. मला ऐकायचा आहे तो ट्रॅक असा: खाली कोरडी किक, मध्ये जवळजवळ काही नाही, आणि पाचव्या मिनिटाला तिघांची झील, अर्थावाचून, एका मात्रेने उशिरा पडणारी, दर फेरीला थोडी अधिक खोल जाणारी. त्यासाठी कुणा गोंधळ्याची चित्रफीत उतरवून तिच्यातून आवाज कापून घ्यायची गरज नाही. झील धरणारी माणसे मुंबईत आजही आहेत. त्यांना स्टुडिओत बोलवावे, ठेका ऐकवून तो त्यांना पटतो का हे विचारावे, बिदागी आधी ठरवावी आणि ट्रॅक निघेल तेव्हा त्यावर निर्मात्याच्या नावाशेजारी, त्याच टायपात, त्यांची नावे छापावीत.